दीड दिवसाच्या ग्वाल्हेर भेटीत गाईड कोठे घ्यावा आणि कोठे घेऊ नये

आपला प्रश्न असा आहे की पुण्याहून पाच जणांचे कुटुंब, ज्यात सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि बारा वर्षांची मुलगी आहे, एका दुपारी ग्वाल्हेरला पोहोचणार, दुसरा पूर्ण दिवस येथे काढणार आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ओरछ्याकडे निघणार आहे. एवढ्या थोड्या वेळासाठी खासगी गाईड घ्यावा का, हॉटेलने सुचवलेला घ्यावा की किल्ल्याच्या दारात भेटेल तो घ्यावा, आणि टॅक्सीचालक ‘मीच सगळे दाखवतो’ असे म्हणत असेल तर हा खर्च वाचवता येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी लष्कर या ग्वाल्हेरच्या जुन्या भागात राहणारा मराठी माणूस असून परवानाधारक गाईड म्हणून हेच काम करत आलो आहे. माझे उत्तर असे की गाईड अवश्य घ्यावा, परंतु दीड दिवसांसाठी नव्हे. दुसऱ्या दिवशीच्या सकाळी किल्ल्यासाठी अर्ध्या दिवसाचा गाईड घ्यावा, जयविलास राजवाडा स्वतःचा स्वतः पाहावा, आणि लष्कराच्या जुन्या वस्तीत फिरताना गाईडपेक्षा त्या वस्तीत वाढलेला माणूस सोबत मिळाला तर अधिक चांगले.

किल्ल्यासाठी गाईड का हवा, हे आधी सांगतो. ग्वाल्हेरचा किल्ला म्हणजे सुमारे तीन किलोमीटर लांबीचा, सभोवतालच्या मैदानातून शंभर मीटरच्या आसपास सरळ उठलेला खडक आहे आणि त्यावरील वास्तू एकाच काळातील किंवा एकाच घराण्याच्या नाहीत. तेली का मंदिर प्रतिहारांच्या काळातले, सास-बहू मंदिर कच्छपघात राजांचे, मान मंदिर हा राजवाडा तोमरांचा, तळघरांतील कैदखाना मुघलांच्या काळातला, बराकी इंग्रजांच्या, आणि या सगळ्यांमध्ये १८९७ मध्ये सुरू झालेली सिंदिया शाळा व दाता बंदी छोड गुरुद्वारा. त्यांची मांडणी कालक्रमाने नाही. ज्या दाराने आपण वर जाल त्यावर ती आपल्यासमोर कोणत्या क्रमाने येईल हे अवलंबून असते. फलक आहेत, परंतु प्रत्येक फलक आपापल्या इमारतीपुरता बोलतो. शेजारच्या दोन इमारतींमध्ये पाचशे वर्षांचे अंतर आहे, आणि त्या काळात हा किल्ला कोणाकडून कोणाकडे गेला, हे पाहणाऱ्याला कोणीतरी जोडून सांगावे लागते.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा मार्गाचा आहे, आणि पाहुण्यांचा वेळ बहुतेक वेळा येथेच वाया जातो. किल्ल्यावर जाण्याचे दोन मार्ग आहेत. पश्चिमेकडील उरवाई दरवाजाने वाहन वर जाते. रस्ता चढाचा आणि अरुंद असल्यामुळे कधी कधी वाहने आळीपाळीने सोडतात. पूर्वेकडील मार्ग पायी चढायचा असून तो गुजरी महालाजवळच्या दरवाजापासून सुरू होतो आणि एकामागून एक दरवाजे ओलांडत हत्ती पोळ या दरवाजापाशी मान मंदिराला भिडतो. जो चालक आपल्याला उरवाईने वर नेतो तो त्याच वाटेने खाली आणतो, आणि मग पूर्वेकडील वाटेवर खडकात कोरलेले छोटेसे चतुर्भुज मंदिर, म्हणजे ज्याच्या शिलालेखासाठी जगभरातले गणिताचे अभ्यासक येथे येतात तेच ठिकाण, पाहायचे राहून जाते. उलट जे हौसेने पूर्वेकडून पायी चढतात त्यांना उरवाईच्या घळीतल्या प्रचंड जैन मूर्ती दिसत नाहीत आणि चढणीने आई-वडिलांची दमछाक होते.

आपल्या कुटुंबासाठी मी सुचवेन तो क्रम असा. सकाळी लवकर गाडीने उरवाईकडून निघावे आणि जैन मूर्तींपाशी थांबावे. पुढे वर जाऊन तेली का मंदिर, गुरुद्वारा, सास-बहू मंदिर आणि शेवटी मान मंदिर पाहावे. तेथून आपण, आपल्या पत्नी आणि मुलगी यांनी गाईडबरोबर पूर्वेकडील वाटेने पायी खाली उतरावे, वाटेत चतुर्भुज मंदिर पाहावे आणि गुजरी महालापाशी पोहोचावे. तोपर्यंत चालकाने आई-वडिलांना गाडीतून उरवाईमार्गे खाली आणून गुजरी महालाच्या दरवाजाशी सोडावे. गुजरी महालातील संग्रहालय सर्वांनी मिळून पाहिले की सूफी संत मुहम्मद गौस आणि गायक तानसेन यांच्या समाध्या तेथून जवळच आहेत. हा क्रम गाईडला फोनवर सांगून पाहा. तो लगेच ‘हो, असेच करू, आणि चालकाला मी समजावतो’ असे म्हणाला तर त्याला किल्ला पायाखालचा आहे असे समजावे. ‘खाली उतरायला काय ठेवले आहे, गाडीनेच येऊ’ असे म्हणाला तर दुसरा माणूस शोधावा.

आता चालकाविषयी. आमच्याकडचे चालक बहुधा सरळ आणि मदतीला तत्पर असतात, रस्ते व पार्किंग त्यांना उत्तम ठाऊक असते, आणि आपल्या वयस्कर पाहुण्यांची ते चांगली काळजी घेतात. तरीही चालक आपल्याला दारापर्यंत नेऊ शकतो, आत नाही. गाडी सोडून तीन तास तो आपल्याबरोबर फिरू शकत नाही. त्याहीपेक्षा, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील स्मारकांत मार्गदर्शनाचे काम परवानाधारकानेच करावे असा नियम आहे. त्यामुळे चालकाची जागा चालकाला आणि गाईडची जागा गाईडला, अशीच वाटणी ठेवावी.

हॉटेलने सुचवलेला गाईड वाईटच असतो असे नाही. पण हॉटेल त्याला देते ते काम आणि आपण थेट बोलून ठरवता ते काम यांत एक फरक पडतो: मधल्या माणसाचा वाटा गाईडच्या मोबदल्यातून जात असेल तर तो वाटा भरून काढण्यासाठी दुकानाची फेरी कार्यक्रमात घुसण्याचा संभव वाढतो. म्हणून हॉटेलकडून नाव घ्यायला हरकत नाही, परंतु त्या व्यक्तीशी स्वतः फोनवर बोलल्याशिवाय आणि तिचा परवाना पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. परवाना देणाऱ्या दोन यंत्रणा आहेत, केंद्राचे पर्यटन मंत्रालय आणि राज्याचा पर्यटन विभाग. दोन्हींच्या ओळखपत्रावर छायाचित्र, क्रमांक, मुदत आणि कोणत्या भाषेसाठी व क्षेत्रासाठी परवाना आहे हे नमूद असते. मुदत अवश्य वाचावी, कारण जुने ओळखपत्र गळ्यात अडकवून हिंडणारे लोक प्रत्येक मोठ्या किल्ल्याच्या दारात असतात. आगाऊ ठरवायचे असेल तर मध्य प्रदेश पर्यटनाच्या हॉटेलात चौकशी करावी. तेथे परवानाधारकांची माहिती मिळण्याची शक्यता अधिक. आणि दारात ऐनवेळी गाईड घ्यावाच लागला, तर तिकीटघरापाशी थांबून ओळखपत्र मागून घ्यावे, मोबाईलवर त्याचा फोटो काढावा आणि मग दराची गोष्ट करावी. खरा गाईड फोटोला नकार देत नाही.

फोनवर काय विचारावे, यावर मी सर्वांत अधिक भर देतो, कारण दहा मिनिटांच्या बोलण्यात माणसाची समज कळते. इतिहासाची परीक्षा घेण्यासाठी नव्हे, तर तो माहिती आणि आख्यायिका वेगळ्या ठेवतो की नाही हे पाहण्यासाठी तीन प्रश्न विचारावेत. पहिला चतुर्भुज मंदिराच्या शून्याविषयी. हा शिलालेख इसवी सन ८७६ चा असून त्यात मंदिराच्या फुलबागेची २७० हात लांबी आणि रोज देवाला वाहायच्या ५० हारांचा उल्लेख आहे, आणि या दोन्ही संख्यांतील शून्य आज आपण लिहितो तशाच वर्तुळाने दाखवले आहे. ‘जगातले पहिले शून्य’ असे वाक्य आपल्याला किल्ल्यावर वारंवार ऐकू येईल. ते बरोबर नाही, कारण कंबोडियातील इसवी सन ६८३ च्या शिलालेखात शून्याची खूण त्याआधी आढळते. भारतातील कोरलेल्या शून्याच्या अतिप्राचीन आणि निःसंशय तारखेच्या उदाहरणांपैकी हे एक आहे, एवढे म्हटले तरी त्याची थोरवी तसूभरही कमी होत नाही. जो गाईड हे असे सांगतो तो बाकी ठिकाणीही जपून बोलेल.

दुसरा प्रश्न जैन मूर्तींचा. उरवाईच्या घळीतील आणि किल्ल्याच्या अन्य बाजूंच्या कातळांतील या मूर्ती मुख्यत्वे पंधराव्या शतकात, तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या कारकिर्दीत कोरल्या गेल्या, आणि त्यांतली सर्वांत उंच मूर्ती सुमारे ५७ फूट आहे. बाबराने त्या विद्रूप करण्याची आज्ञा दिल्याचे स्वतःच आपल्या आत्मवृत्तात नोंदवले आहे आणि पुढे जैन समाजाने अनेक मूर्तींचे चेहरे पुन्हा घडवले. यात सांगण्यासारखे दोन्ही बाजूंचे आहे, विध्वंसही आणि दुरुस्तीही. काही गाईड श्रोत्यांचा कल पाहून पहिला भाग रंगवतात, काही तो गाळतात. मला वाटते की बारा वर्षांच्या मुलीसमोर ही गोष्ट जशी घडली तशी, आवाज न चढवता सांगता येणे हे या व्यवसायातील कसब आहे.

तिसरा प्रश्न राणी लक्ष्मीबाईंचा, आणि तो मराठी कुटुंबाने तर विचारावाच. जून १८५८ मध्ये तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी यांनी ग्वाल्हेर घेतले, जयाजीराव शिंदे आग्र्याकडे निघून गेले, त्यांचे बरेचसे सैन्य बंडवाल्यांना मिळाले आणि त्यानंतरच्या लढाईत राणी धारातीर्थी पडल्या. त्यांच्या मृत्यूची तारीख काही ठिकाणी १७ जून तर काही ठिकाणी १८ जून अशी दिलेली आढळते आणि चांगला गाईड दोन्ही सांगतो. फुलबागेतील त्यांच्या समाधीपाशी उभे राहून शिंदे आणि झाशी यांच्याविषयी न कचरता, पण कोणालाही दोषी ठरवण्याची घाई न करता बोलणारा माणूस आपल्याला मिळाला, तर त्या अर्ध्या तासाचे मोल राजवाड्यातल्या कोणत्याही दालनापेक्षा अधिक आहे. समाधीस्थान शहराच्या मध्यभागी असून तेथे चढउतार नाही, त्यामुळे आई-वडिलांनाही ते सहज पाहता येईल.

याच बोलण्यात भाषेचेही ठरवून टाकावे. मराठीतून मार्गदर्शन करणारे परवानाधारक येथे मोजके आहेत आणि हंगामात ते लवकर गुंततात. मराठी गाईड न मिळाल्यास चांगला हिंदी गाईड निवडावा. केवळ मराठी बोलतो म्हणून कच्च्या माहितीचा माणूस घेऊ नये. आपल्या आई-वडिलांना हिंदी सहज समजत असेल, पण वेगाने बोललेली समजणार नाही. तेव्हा ‘सोबत वयस्कर मंडळी आहेत, सावकाश आणि सावलीत थांबून सांगावे लागेल’ हे आधीच सांगून ठेवावे.

मोबदल्याविषयी. गाईडचा दर माणशी नसतो, गटासाठी असतो. पाच जणांचे कुटुंब हा लहान गट मानला जातो. अर्धा दिवस म्हणजे साधारण चार तास आणि पूर्ण दिवस म्हणजे आठ तास, अशी या व्यवसायातील रूढी आहे. इंग्रजीखेरीज अन्य परदेशी भाषेसाठी वेगळा भत्ता आकारतात, तो आपल्याला लागू होत नाही; त्यामुळे तसा भत्ता कोणी मागितल्यास देऊ नये. ठरवताना चार गोष्टी स्पष्ट बोलून एका संदेशात लिहून पाठवाव्यात: किती वाजता कोठे भेटायचे, कोणती ठिकाणे, एकूण रक्कम किती, आणि वेळ वाढल्यास तासाला काय. स्मारकांची तिकिटे आणि गाडीचे भाडे त्या रकमेत धरलेले नसते. संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. सकाळ राखून ठेवण्यासाठी थोडी रक्कम यूपीआयने पाठवणे योग्य आहे, कारण त्या वेळेसाठी गाईड दुसरे काम नाकारत असतो आणि ऐनवेळी रद्द झालेल्या सकाळीचे त्याला काहीही मिळत नाही. शासनाने ठरवलेल्या दरापेक्षा खूपच कमी रक्कम सांगणारा गाईड पाहून आनंद मानू नये. उरलेले पैसे तो कोठून काढणार, हा विचार करावा. ते दुकानातून निघतात.

दुकानांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण अर्ध्या दिवसातला पाऊण तास दुकानात गेला तर किल्ल्याचा एक भाग गळतो. पाहुणा आणला की दुकानदाराने गाईडला व चालकाला कमिशन देणे ही आपल्या देशातील बहुतेक पर्यटनस्थळी चालणारी पद्धत आहे आणि ते कमिशन शेवटी आपल्याच वस्तूच्या किमतीत बसते. आपण फोनवरच एक वाक्य बोलावे: ‘आम्हाला खरेदीसाठी थांबायचे नाही, खरेदी करायची झाल्यास आम्ही स्वतंत्रपणे करू.’ जो गाईड कामावर प्रेम करतो त्याला हे वाक्य ऐकून बरे वाटते. आपल्या आईंना चंदेरी किंवा माहेश्वरी साडी पाहायची असेल तर राज्य शासनाचे मृगनयनी विक्री केंद्र आहे. तेथील किमती ठरलेल्या असतात आणि कोणाला सोबत नेण्याची आवश्यकता नसते. थंडीत आलात तर तीळ-गुळाची गजक मात्र महाराज बाडा या लष्करातल्या चौकाच्या आसपासच्या जुन्या दुकानांतून घ्यावी.

जयविलास राजवाड्यासाठी गाईड घेऊ नये, असे मी स्वतः गाईड असूनही सांगतो. १८७४ मध्ये जयाजीराव शिंद्यांनी मायकेल फिलोज यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या या राजवाड्याचा जो भाग संग्रहालय म्हणून खुला आहे, त्यात जाण्याचा मार्ग ठरलेला आहे, दालनांत फलक आहेत आणि गर्दीच्या दिवशी मोठ्याने बोलणे इतरांना त्रासदायक होते. दरबार हॉलमधील प्रत्येकी साडेतीन टनांची दोन झुंबरे, आणि ती टांगण्यापूर्वी छताची ताकद पाहण्यासाठी त्यावर हत्ती चढवल्याची कथा, तसेच जेवणाच्या टेबलावरून पाहुण्यांपर्यंत फिरणारी चांदीची आगगाडी, हे सर्व आपल्या मुलीला कोणाच्याही मदतीशिवाय आवडेल. मराठी पाहुण्यांनी २०२२ मध्ये सुरू झालेले मराठा इतिहासाचे दालन मात्र घाईत ओलांडू नये. त्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवावा. जिने आहेत, त्यामुळे आई-वडिलांना मधूनमधून बसू द्यावे. राजवाडा दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर पाहावा, आणि तो व गुजरी महाल यांची साप्ताहिक सुट्टी निघण्यापूर्वी तपासून घ्यावी. शासकीय संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात. खासगी संग्रहालयाचा सुट्टीचा वार त्याच्याशी जुळेलच असे नाही. आपला पूर्ण दिवस सोमवारी पडत असेल तर गाड्यांची आरक्षणे करण्यापूर्वीच एक दिवस पुढेमागे करणे शहाणपणाचे ठरेल.

गुजरी महालात मात्र गाईडला सोबत ठेवावे. मानसिंह तोमरांनी राणी मृगनयनीसाठी बांधलेल्या या महालात ग्वाल्हेर संस्थानच्या काळात, पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांच्या देखरेखीखाली संग्रहालय आकाराला आले. मध्य भारताच्या मूर्तिकलेचा इतका एकवटलेला संग्रह थोड्या ठिकाणी आहे. त्यातील ग्यारसपूरची शालभंजिका ही स्त्रीमूर्ती सर्वांत प्रसिद्ध आहे आणि ती बंदोबस्तात, वेगळ्या खोलीत ठेवलेली असते. मागणी केल्याखेरीज ती पाहायला मिळेलच असे नाही. तेथील कर्मचाऱ्यांशी ओळख असलेला गाईड ती विनासायास दाखवू शकतो. गाईड नसलेले कितीतरी पाहुणे ती न पाहताच बाहेर पडतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

मान मंदिराच्या तळघरांविषयी एक सूचना. मानसिंहांचे हे उंच निवासस्थान बाहेरून निळ्या फरशांनी, पिवळ्या बदकांच्या रांगांनी, केळीच्या झाडांनी आणि हत्तींनी नटलेले आहे. त्याच्या पोटातील खोल्यांचा उपयोग मुघलांनी राजबंदी ठेवण्यासाठी केला. औरंगजेबाने आपला भाऊ मुराद याला याच किल्ल्यावर बंदीत ठेवले आणि १६६१ मध्ये येथेच त्याला ठार करण्यात आले. जिने अरुंद, अंधारे आणि उंच पायऱ्यांचे आहेत. आई-वडिलांना खाली नेऊ नये. त्यांनी वरच्या चौकात सावलीत बसावे. ठरवताना गाईडला हे आधी सांगितले तर तो चौकातली माहिती सर्वांसमोर सांगून मग केवळ आपल्याला खाली नेईल, आणि मागे राहिलेल्यांना आपण काही गमावले असे वाटणार नाही. याउलट गुरुद्वाऱ्यात सर्वांनी जावे. गुरु हरगोविंद यांच्या येथील कैदेची आणि त्यांच्याबरोबर सुटलेल्या ५२ राजांची स्मृती तेथे जपली आहे. डोके झाकण्यासाठी रुमाल तेथेच मिळतो आणि लंगरात बसून चहा-जेवण घेता येते. वयस्कर माणसांसाठी मधल्या विसाव्याची त्याहून चांगली जागा किल्ल्यावर नाही.

आता पहिल्या दुपारीविषयी. आपण स्थानकावर उतरून हॉटेलात पोहोचाल, थोडा आराम कराल, आणि मग संध्याकाळ मोकळी राहील. ती मी लष्कराला द्यावी असे म्हणेन. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये येथे स्थिरावली आणि तिच्याभोवती हे शहर वाढले; महाराज बाड्याच्या चौकात उभे राहिले की सभोवती टाऊन हॉल, टपाल कार्यालय, व्हिक्टोरिया मार्केट अशा वेगवेगळ्या धाटणीच्या इमारतींचे कडे दिसते, मागे गोरखीचा जुना वाडा, आणि तेथून पाटणकर बाजार, फालका बाजार, सराफा अशा गल्ल्या फुटतात. सराफ्यातील दगडी कोरीव सज्जे पाहण्यासाठी मान वर करून चालावे लागते. छत्री बाजारातील शिंदे राजांच्या छत्र्या पाहिल्यावर, महादजींची छत्री मात्र आपल्या पुण्यात वानवडीला आहे, हे मुलीला अवश्य सांगावे. दोन्ही शहरे तिच्या मनात एका धाग्याने जोडली जातील.

या भागासाठी मी परवानाधारक गाईडचा आग्रह धरत नाही. येथे पाहण्यासारख्या गोष्टी फलकांवर नाहीत, त्या घरांत आणि माणसांत आहेत, आणि लष्करातल्या मराठी घरांतला एखादा निवृत्त शिक्षक किंवा संगीताचा विद्यार्थी आपल्याला ज्या गल्लीत नेईल त्या गल्लीत बाहेरचा गाईड पाऊल टाकणार नाही. पुण्यात कोणाचे ना कोणाचे नातेवाईक ग्वाल्हेरला असतातच. त्यांच्यामार्फत आधी विचारून ठेवावे. अशा माणसाला मोबदला कसा द्यावा ही अडचण असते, कारण तो बहुधा पैसे घेणार नाही. घरी बोलावणे झाले तर रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि तरुण विद्यार्थी असेल तर त्याच्या वेळेचे पैसे आग्रहाने द्यावेत.

संगीताची आवड असेल तर हीच संध्याकाळ अधिक भरगच्च होते. हद्दू खाँ, हस्सू खाँ यांच्या गायकीचे हे गाव. येथे वासुदेवबुवा जोशींकडे शिकून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ख्याल महाराष्ट्रात नेला आणि त्यांचेच शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर. १९१४ मध्ये स्थापन झालेले शंकर गांधर्व महाविद्यालय आणि १९१८ मध्ये भातखंडे यांच्या पद्धतीने सुरू झालेले माधव संगीत महाविद्यालय या दोन्ही संस्था याच शहरातल्या. २०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली. विद्यालयाच्या वेळेत, आधी विनंती करून, दहा मिनिटे एखादा वर्ग बाहेरून ऐकायला मिळाला तर पुढच्या सकाळी तानसेनांच्या समाधीपाशी उभे राहताना मुलीला केवळ तेथल्या चिंचेची पाने खाल्ली की गळा गोड होतो ही गोष्ट आठवणार नाही. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या दिवसांत येत असाल तर राहण्याची जागा आणि गाईड दोन्ही बरेच आधी ठरवावे.

एक मोह टाळण्याची विनंती करतो. काही जण आपल्याला त्याच दिवसात मितावलीचे चौसष्ट योगिनी मंदिर, पडावली आणि बटेश्वर जोडून देण्याची तयारी दाखवतील. ही ठिकाणे अप्रतिम आहेत, बटेश्वरच्या कोसळलेल्या मंदिरांची पुरातत्त्व खात्याने केलेली उभारणी तर पाहावीच अशी आहे, परंतु ती मुरैना जिल्ह्यात, ओरछ्याच्या उलट दिशेला आहेत आणि त्यांना जाऊन-येऊन किमान अर्धा दिवस लागतो. किल्ला अर्धवट टाकून तिकडे धावण्यात काहीच लाभ नाही.

वेळेचे भान ऋतूप्रमाणे ठेवावे. एप्रिल ते जून या काळात सकाळी दहानंतर खडक तापतो, म्हणून गाईडला स्मारक उघडण्याच्या वेळेलाच बोलवावे. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या काही तास उशिरा येतात. तेव्हा पहिल्या दुपारीच्या वेळेला पैसे देऊन कोणालाही बांधून ठेवू नये, आणि गाईडचे काम दुसऱ्या सकाळीच ठेवावे, याचे हेही एक कारण आहे.

प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावर गाईडचे बोलणे आपल्याला रुचत नाही असे जाणवले, तर पहिल्या अर्ध्या तासातच सांगावे. ‘तारखा थोड्या कमी, पण हे दगडात काय कोरले आहे ते दाखवा’ किंवा ‘आम्हाला पाच मिनिटे शांतपणे पाहू द्या’ असे म्हणणे अपमानास्पद नसते. उलट समोरच्याला काय हवे आहे हे कळले नाही की गाईड पाठ केलेले बोलत राहतो. मुलीला त्याच्या जवळ चालू द्यावे आणि प्रश्न तिलाच विचारू द्यावेत. ठरलेले चार तास तानसेनांच्या समाधीपाशी संपतील. तेथेच उरलेली रक्कम देऊन त्याला मोकळे करावे. बक्षिसी ऐच्छिक असते. काम मनापासून झाले असेल तर ती द्यावी, आणि त्याहून उपयोगाचे म्हणजे त्याचा क्रमांक पुढच्या मराठी पाहुण्यांना द्यावा.

संध्याकाळी मान मंदिरापाशी प्रकाश-ध्वनी कार्यक्रम असतो. त्याच्या हिंदी खेळाची त्या दिवशीची वेळ सकाळीच तिकीटघरात विचारून ठेवावी, कारण ती ऋतूप्रमाणे बदलते. त्यासाठी गाईड लागत नाही, पण टॅक्सी मात्र येण्या-जाण्याची एकत्र ठरवून वर थांबवून ठेवावी. रात्री कार्यक्रम सुटल्यावर किल्ल्यावर दुसरे वाहन मिळणे कठीण असते आणि आई-वडिलांना उरवाईचा उतार अंधारात पायी उतरवणे सुरक्षित नाही.